गाडी किती उचलावी?

वाकण फाट्याला मुंबई-गोवा महामार्ग सोडून आत वळलं, की दहाएक किलोमीटरवर पाली लागते. डोक्यावर सरसगड, पायथ्याशी बल्लाळेश्वर, पलीकडे सुधागडाचा डोंगर, आणि रस्ता तसाच पुढे जांभूळपाड्यावरून खोपोलीला जातो. सुट्टीच्या दिवसांत अष्टविनायकाच्या बसगाड्यांच्या गर्दीत थार, जिम्नी, गुरखा या गाड्याही दिसतात. त्यांतल्या काही कारखान्यातून निघाल्या त्यापेक्षा उंच झालेल्या असतात. कुणी दीड इंच उचललेली असते, कुणी दोन, कुणी त्याहूनही जास्त. उंच गाडी खाली घासत नाही, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. त्याच उंचीची किंमत आत बसलेल्यांची पाठ आणि मान रोज मोजत असते, आणि लिफ्ट किट विकत घेताना त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

सुधागड तालुक्यात राहणाऱ्या गाडीचा दिवस कसा जातो, ते आधी पाहायला हवं. सकाळी नागोठणे किंवा खोपोलीचं काम, म्हणजे डांबर, काँक्रीट, मधले खड्डे आणि गतिरोधक. दुपारी एखाद्या वाडीवर जाणं, म्हणजे मुरुमाचा रस्ता आणि पावसाने खणलेल्या चाकोऱ्या. क्वचित कधी शेताचा बांध ओलांडणं किंवा ओढ्यातल्या गोल गोट्यांवरून जाणं. शंभर किलोमीटरमधले फार तर चार-पाच खऱ्या अर्थाने आडवाटेचे. उंची ठरवताना या चार-पाच किलोमीटरइतकाच उरलेल्या पंचाण्णवांचाही विचार झाला पाहिजे.

आता गाडीखाली वाकून बघू. जिम्नीची मागची दोन्ही चाकं एका आडव्या लोखंडी नळीने जोडलेली असतात. गॅरेजमध्ये तिला हौसिंग म्हणतात. तिच्या मध्यावर एक फुगीर गोळा असतो, त्यात डिफरन्शियलचे दाते फिरतात. स्प्रिंग या हौसिंगच्या वर बसते आणि स्प्रिंगच्या वर चासी. स्प्रिंग लांब टाकली की चासी, फ्लोअर, पेट्रोलची टाकी, दरवाजे असं सगळं वर जातं. गोळा मात्र होता तिथेच राहतो, कारण तो चाकांना बांधलेला आहे, आणि चाकं जमिनीवर आहेत. अशा गाडीचा सर्वांत खालचा बिंदू बहुतेक वेळा हाच असतो. म्हणजे दोन इंचांच्या किटवर पैसे घातल्यावरही चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर गोळा पूर्वीइतकाच घासणार. तो उचलायचा तर टायर मोठा हवा, आणि टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची मिळते. जिम्नीच्या मूळ १९५/८० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६९३ मिमी भरतो. त्याऐवजी अनेक जण २१५/७५ आर १५ घालतात. त्याचा व्यास सुमारे ७०४. गोळ्याखाली मिळालेली जास्तीची जागा फक्त पाच मिमी.

मग लिफ्टने मिळतं काय? मिळतं ते पोटाखाली आणि पुढच्या-मागच्या कोनांत. बांध ओलांडताना पुढची चाकं उतरून गेली आणि मागची अजून चढायची आहेत, अशा क्षणी पोट टेकतं. ते टाळणारा कोन चासीची उंची आणि दोन ॲक्सलमधलं अंतर (व्हीलबेस) यांवर ठरतो. २०२० साली आलेल्या तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिमी, आणि हा कोन २६ ते २७ अंशांच्या घरात. २०२४ च्या पाच दारांच्या थार रॉक्सचा व्हीलबेस २८५० मिमी, आणि कोन उतरून २३.९ अंशांवर आला. तीन दारांची थार ५० मिमी उचलली तर ढोबळमानाने चार अंश वाढतात. भातखाचराच्या उंच बांधावर हा फरक खरोखर जाणवतो. रॉक्सवाल्याला थोडी उंची वाढवावीशी वाटली तर त्यामागे भूमितीचं कारण आहे. थारवाल्याकडे ते कारण मुळातच कमी आहे.

आता आरामाकडे येऊ. गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती बसते, यावर तो जवळजवळ सगळा ठरतो. मोकळी स्प्रिंग टेबलावर उभी ठेवून मोजा आणि गाडीखाली दबलेली मोजा. मधला फरक म्हणजे तिचं बसणं. जी स्प्रिंग वजनाखाली २५० मिमी बसते, तिच्यावरची बॉडी सेकंदाला एकदा वरखाली झुलते. ११० मिमी बसणारी दीड वेळा, आणि ६२ मिमी बसणारी दोनदा. हे साधं गणित आहे आणि ते कुठल्याही कंपनीच्या गाडीला लागू पडतं. आरामशीर मोटारी सेकंदाला एक ते दीड झोक्यांच्या आसपास ठेवलेल्या असतात.

समजा एका गाडीची स्प्रिंग ११० मिमी बसते आहे. मालकाने मागितली ४० मिमी उंची. विक्रेत्याने मूळ लांबीचीच पण जाड तारेची स्प्रिंग दिली. ती ११० ऐवजी ७० मिमीच बसते, म्हणून गाडी ४० मिमी उंच दिसते. पण झोके दीडवरून जवळजवळ १.९ वर गेले. उंची मिळाली ती सगळी आरामातून कापून. दुसऱ्या विक्रेत्याने तितक्याच ताठपणाची, पण ४० मिमी लांब स्प्रिंग दिली. तीही ११० मिमीच बसते, गाडी तितकीच उंच होते आणि झोक्याची लय मूळचीच राहते. दोन्ही किटवर छापलेलं असतं ‘४० मिमी लिफ्ट’. शेजारी उभ्या केल्या तर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. पालीहून खोपोलीला जाऊन आल्यावर मात्र कुठली गाडी कुठली, ते डोळे मिटूनही सांगता येतं.

हा फरक अंगाला इतका का कळतो, यालाही कारण आहे. बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला ४ ते ८ या वेगाच्या उभ्या हादऱ्यांना सर्वांत हळवं असतं. कंपनं मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांतही हाच पट्टा धरलेला आहे. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदात अकरा मीटर कापते. रस्त्यावरचे उंचसखल भाग दोन-दोन मीटरवर असतील, तर चाकाला सेकंदाला पाच-साडेपाच धक्के बसतात, म्हणजे नेमके त्या पट्ट्यात. बॉडीची स्वतःची लय यापासून जितकी खाली, तितके हे धक्के स्प्रिंगमध्येच जिरतात. ताठ स्प्रिंग ती लय वर ढकलते आणि धक्के सीटपर्यंत पोचवते. त्यातून शॉकॉप (शॉक ॲब्सॉर्बर) जुनेच ठेवले असतील, तर ताठ स्प्रिंगची उसळी त्यांना आवरत नाही आणि प्रत्येक गतिरोधकानंतर गाडी आणखी दोनदा नाचते.

ताठ स्प्रिंग वाईटच असते असं मात्र नाही. ती विशिष्ट वजनासाठी बनवलेली असते. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये १९७५ साली सुरू झालेल्या एआरबी या कंपनीचं ‘ओल्ड मॅन इमू’ सस्पेन्शन जगभरच्या आडवाटेच्या गाड्यांना बसवलं जातं. तिथे स्प्रिंग निवडताना गाडीवर कायमचं किती वजन चढलं आहे, हे आधी पाहतात. पोलादी बंपर, विंच, छतावरचा रॅक, जादा टाकी यांचं मिळून शे-दीडशे किलो सहज होतं. ते वजन असलेल्या गाडीत ताठ स्प्रिंग योग्य तितकी बसते आणि आरामही देते. तीच स्प्रिंग मोकळ्या गाडीत घातली की गाडी दगडासारखी चालते. आपल्याकडे नेमकं हेच होतं. विंच ‘पुढे कधीतरी’ बसवायचा असतो आणि स्प्रिंग विंचच्या वजनाची आजच बसते. पालीच्या माणसाने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न हाच: गाडीत रोज किती माणसं आणि किती सामान असतं?

स्वस्तातला मार्ग म्हणजे स्पेसर. स्प्रिंगच्या किंवा स्ट्रटच्या वर घातलेली जाड चकती. तिने स्प्रिंग बदलत नाही, म्हणून ‘राइड मूळचीच राहते’ असं सांगतात. झोक्यापुरतं ते खरं आहे. बिघडतं ते चालीत. चाकाला वर-खाली जायला मोजकी जागा असते. समजा ती २०० मिमी आहे, शंभर वर आणि शंभर खाली. स्प्रिंगवर चकती घालून गाडी ५० मिमी उचलली आणि शॉकॉप मूळचेच ठेवले, तर वर दीडशे उरते आणि खाली फक्त पन्नास. उंचवट्यावर आदळताना फायदा होतो, हे मान्य केलं पाहिजे. पण चाक जेव्हा साठ मिमी खोल खड्ड्यात उतरतं, तेव्हा शॉकॉप पूर्ण ताणला जातो आणि ‘ठक्क’ असा लोखंडी आवाज येतो. त्या क्षणी चाकाचं सगळं वजन बॉडीला हिसका देतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर हा हिसका मिनिटामिनिटाला बसतो. लिफ्ट केलेल्या गाड्यांच्या बऱ्याच तक्रारी ताठपणाच्या नसून या संपलेल्या चालीच्या असतात.

ही चाल घरच्या घरी मोजता येते आणि ती मोजल्याशिवाय किट घेऊच नये. गाडी सपाट जागी उभी करावी, टाकी भरलेली असावी, रोजची माणसं आत बसलेली असावीत. चाकाच्या मधल्या टोपीपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने अंतर घ्यायचं. समजा ते ४८० मिमी आलं. मग माणसं उतरवून चासीखाली जॅक लावायचा, चाक जमिनीवरून सुटून लोंबेपर्यंत गाडी उचलायची, आणि घोडा लावून ती पक्की करायची. आता तेच अंतर ५६० आलं, तर खालची चाल ८० मिमी. चारही चाकांचे आकडे वहीत लिहून ठेवावेत. एकूण चालीचा निदान एक तृतीयांश भाग खाली उरला पाहिजे. या गाडीवर मूळ शॉकॉप ठेवून ४० मिमीचा स्पेसर टाकला, तर खाली उरतील फक्त ४०, म्हणजे लिफ्टसोबत लांब शॉकॉप घेणं भाग आहे. आणखी एक गोष्ट इथेच कळते. पुढच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत स्ट्रट आर्मच्या मधोमध कुठेतरी टेकलेला असतो. त्यामुळे वर २५ मिमीची चकती घातली तर चाकापाशी ४० मिमी किंवा त्याहून जास्त उंची होऊ शकते. चकतीच्या जाडीला लिफ्ट समजून दोन इंचांची चकती घालणारे मेस्त्री गाडीला नकळत तीन-साडेतीन इंच उचलून ठेवतात.

रायगडातल्या जुन्या माणसांना हा विषय पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) भाषेत जास्त परिचयाचा आहे. एसटी जिथे पोचत नव्हती त्या गावांना कमांडर आणि ट्रॅक्सने जोडलं. त्यांच्या ओझ्याच्या गणितात आरामाला जागा नव्हती. पाटे बसले, गाडी वाकली, की मेस्त्री एक पाटा वाढवायचा. गाडी उचलली जायची आणि ताठही व्हायची. दुसरा, जास्त शहाणा उपाय म्हणजे पाटे उतरवून त्यांना पुन्हा कमान चढवणं. त्यात ताठपणा फारसा वाढत नाही. पाट्याचं टोक चासीला जोडणारी शॅकल लांब लावणं हा तिसरा उपाय. शॅकल जितकी लांब केली त्याच्या निम्मी उंची मिळते, पण पुढच्या बाजूला केलं तर स्टिअरिंगचा कोन बिघडतो आणि गाडी रस्त्यावर भिरभिरते. काही हौशी मंडळी हौसिंगखालचे पाटे हौसिंगच्या वर आणतात. त्याने गाडी एकदम पाच इंचांच्या आसपास उठते, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस वाकड्या कोनात फिरू लागतात आणि ब्रेक मारताना हौसिंग पिळलं जातं. रोजच्या गाडीला हे करू नये.

जुन्या जीपवाल्याने लिफ्टचा विचार करण्याआधी पाटे उघडून पाहावेत. कोकणच्या दमट हवेत पाट्यांच्या मधे गंज धरतो आणि ते एकमेकांवर सरकायचे थांबतात. मग छोटा खड्डा पाट्यांना हलवतच नाही, धक्का थेट चासीत येतो. पाटे घासून, मधे ग्रीस भरून, बुश नवे टाकले, तर एक मिलिमीटरही न उचलता गाडी मऊ होते. पैशाच्या मानाने एवढा आराम दुसऱ्या कुठल्याच कामात मिळत नाही.

२०१० च्या पहिल्या थारमध्ये पुढे टॉर्शन बार होता, मागे पाटे. तिथे बारचा बोल्ट आवळून पुढचा भाग फुकटात उचलण्याची युक्ती पसरली. त्याने बार ताठ होत नाही, पण खालची चाल तितकीच खर्च होते आणि परिणाम स्पेसरसारखाच. २०२० च्या थारमध्ये चारही कोपऱ्यांवर कॉइल स्प्रिंग आल्या. मूळ गाडीचं ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी आहे, आणि पालीच्या परिसरातल्या वाडीवस्तीच्या रस्त्यांना ते पुरून उरतं.

जास्त उचलण्याचे बाकीचे परिणाम थोडक्यात. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे तिरपे चालतात, त्यांचे रबरी बूट फाटतात आणि कोकणातला चिखल आत गेला की सांधा काही महिन्यांत जातो. जिम्नीसारखी पुढे सलग ॲक्सल असेल तर उचलताना ॲक्सल किंचित फिरतं, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. ॲक्सलला चासीशी जोडणारा आडवा पॅनहार्ड रॉड ॲक्सलला काही मिलिमीटर बाजूला ओढतो. हे सगळं दुरुस्त करणारे भाग मिळतात, पण त्यांचा खर्च किटच्या जाहिरातीत नसतो. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. सलग ॲक्सलवर बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू ॲक्सलपाशीच राहतो आणि बॉडी वर जाते, त्यामुळे वळणावरचं झुकणं उंचीच्या प्रमाणापेक्षा जास्त वाढतं. मागच्या सीटवर बसलेल्या मुलांना घाटात मळमळतं, त्यात याचा वाटा असतो.

पाण्याबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण पाली अंबा नदीच्या काठी आहे. या नदीने जुलै १९८९ मध्ये जांभूळपाड्यात केलेला संहार तालुका विसरलेला नाही. त्यानंतरही अंबेला पूर आला की पाली आणि जांभूळपाड्याचे पूल पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. उंच गाडी पाण्यातून निघून जाईल, हा समज इथे जीवघेणा आहे. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनीने ६५० मिमी दिली आहे आणि गुरखाची ७००. हे आकडे स्थिर पाण्यासाठी समजावेत. गाडीच्या तळाचं क्षेत्रफळ पाच चौरस मीटर धरलं, आणि पाणी फ्लोअरच्या वर ३० सेंटिमीटर चढलं, तर आत पाणी शिरेपर्यंत गाडीला सुमारे दीड टन उचल मिळते. पावणेदोन टनांच्या गाडीच्या चाकांवर मग पकड कसली राहणार? वाहतं पाणी तिला कठड्याबाहेर सहज ढकलतं. पन्नास मिमी लिफ्टने ही वेळ पाच सेंटिमीटर पाण्याने पुढे जाते, इतकंच. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या हवेच्या नळ्या तर लिफ्टने आपोआप उंच होतच नाहीत. पुलावर पाणी असेल तर गाडी कितीही उंच असो, अलीकडेच थांबायचं.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीत लिहिलेला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांत साधारण ५० मिमीपर्यंतच्या बदलाला मोकळीक आणि त्यापुढे अभियंत्याचा दाखला, अशी पायरी आखलेली आहे. आपल्याकडे तशी पायरी नाही. म्हणून रायगडच्या मालकाने किट घेण्याआधी पेणच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. अपघातानंतर दावा नाकारला गेला, तर किट बसवणारा पुढे येत नाही.

मग पालीच्या गाडीला किती उंची द्यावी? मोकळी चालणारी, कुटुंबाची थार असेल तर काहीही नाही. चांगले शॉकॉप आणि योग्य हवेचा, थोड्या उंच बाजूभिंतीचा टायर तिला जास्त आराम देतील. गाडीवर खरोखर शे-दीडशे किलो कायमचं वजन असेल, किंवा रॉक्ससारखा लांब व्हीलबेस घेऊन वारंवार बांध आणि ओढे ओलांडायचे असतील, तर ३० ते ४० मिमी. तेही वजनाला जुळणारी लांब स्प्रिंग आणि तिच्या जोडीचे लांब शॉकॉप एकत्र घेऊन, बसवल्याबरोबर चाकांचं अलाइनमेंट करून. ५० मिमी ही रोजच्या वापराची शेवटची हद्द. त्यापुढे जाणारी गाडी ट्रेलरवरून स्पर्धेला न्यायची गाडी असते, खोपोलीच्या रस्त्याने रोज माणसं नेण्याची नाही. आणि किट विकणारा स्प्रिंगचा ताठपणा, मोकळी लांबी आणि शॉकॉपची पूर्ण उघडी लांबी हे तीन आकडे सांगू शकत नसेल, तर त्याच्याकडून किट घेऊ नये.